स्वतः जुळवलेला संच की तयार रिग? नाशिकच्या नव्या हॅमसाठी तुलनात्मक आढावा

हौशी रेडिओची, म्हणजे हॅम रेडिओची, परीक्षा उत्तीर्ण होऊन दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून परवाना आणि व्हीयू ३ किंवा व्हीयू २ ने सुरू होणारा कॉलसाइन (हवेवरचे ओळखनाव) हाती आला, की पहिला मोठा प्रश्न खर्चाचा असतो. काही हजारांत मिळणारी व्हीएचएफची (अतिउच्च वारंवारतेची) हँडी, म्हणजे हातात धरायचा छोटा संच घ्यावा, लाखाच्या घरात जाणारी शंभर वॉटची तयार एचएफ (लघुलहरींची) रिग, म्हणजे टेबलावरचा मोठा संच घ्यावा, की सुटे भाग किंवा किट आणून एखाद्या बँडचा (वारंवारतांच्या पट्ट्याचा) संच घरीच जुळवावा, असे तीन मार्ग साधारणपणे समोर असतात. या तिन्हींची तुलना बहुधा किंमत आणि वॉट एवढ्यावरच केली जाते. नाशिकमध्ये राहणाऱ्याने मात्र आधी भूगोल आणि आपली गच्ची पाहावी व मग किमतीकडे वळावे, असे माझे ठाम मत आहे.

हँडीचा विचार प्रथम करू, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ दृष्टीच्या रेषेतच जातात. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील हँडी दीड मीटर उंचीवर धरली, तर हे अंतर जेमतेम पाच किलोमीटर भरते. चार मजली इमारतीच्या गच्चीवर, जमिनीपासून सोळा मीटरवर अँटेना लावली, तर ते साडेसोळा किलोमीटर होते. दोन्ही बाजूंना अशा अँटेना असल्या तर पंचवटी ते सिन्नर बोलणे अशक्य नाही, परंतु ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी असलेले त्र्यंबक अंतराने जवळ असूनही डोंगरांमुळे अवघड जाते. मुंबईच्या बाजूला तर कसाऱ्याच्या घाटाशी सह्याद्रीची भिंतच उभी आहे. रिपीटर, म्हणजे आपला संकेत पकडून पुन्हा जोराने प्रसारित करणारे केंद्र, आवाक्यात असेल तर चित्र बदलते, पण तेव्हा आपले बोलणे दुसऱ्याच्या यंत्रणेवर अवलंबून राहते.

असे असले तरी हँडी निरुपयोगी मुळीच नाही. २०२६-२७ च्या सिंहस्थात गर्दीच्या दिवशी मोबाइलचे जाळे तुंबले, तर गोदाकाठी दोन-तीन किलोमीटरच्या टापूत निरोप पोहोचवण्यासाठी, प्रशासनाच्या परवानगीने काम करणाऱ्या हॅम गटाच्या हाती हेच साधन सर्वांत सोयीचे ठरेल. शिवाय आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जात असताना १४५.८०० मेगाहर्ट्झवर ऐकण्याचा आनंद हँडीवरही घेता येतो. पीव्हीसी पाइप आणि स्टीलची मोजपट्टी कापून तीन घटकांची यागी (एका दिशेला रोखायची) अँटेना तयार केली आणि हँडी यूएचएफवरही ऐकणारी असली, तर स्थानकावरील रिपीटर चालू असताना बोलताही येते. संच तयार विकत घेऊनही अँटेना स्वतः बनवता येते, हे पहिल्या मार्गाने जाणाऱ्याने जरूर लक्षात ठेवावे. परवान्याशिवाय हँडी बाळगणे हा कायद्याने गुन्हा आहे, ती ऑनलाइन सहज मिळाली म्हणून तो टळत नाही.

आता एचएफ. नाशिकच्या भूगोलाला खरे उत्तर इथे मिळते. ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा, तरंगलांबीवरून चाळीस मीटर म्हणवणारा बँड दिवसा असा वागतो की, फार उंच नसलेल्या डायपोलमधून (दोन बाजूंना ताणलेल्या तारेच्या अँटेनातून) वर गेलेली लहर आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन जवळजवळ डोक्यावरूनच खाली येते आणि सुमारे चारशे किलोमीटरच्या परिघात, मधे घाट असो वा दरी, सर्वत्र पसरते. हँडीला जो सह्याद्री ओलांडता येत नाही, तो या बँडला लागतच नाही. सकाळी मुंबई आणि पुणे शेजारच्या घरात बोलावे इतके स्पष्ट येतात. रात्री मात्र हा बँड लांब पल्ल्याचा होतो आणि जवळची स्थानके विरून जातात, हा त्याचा स्वभाव आधीच ठाऊक असलेला बरा.

मग एचएफसाठी शंभर वॉटची तयार रिग हवी की घरी जुळवलेला सहा वॉटचा संच पुरे? सहा वॉट आणि शंभर वॉट यांतील फरक सुमारे बारा डेसिबलचा, म्हणजे आलेल्या संकेताची ताकद दाखवणाऱ्या एस मीटरवर दोन घरांचा आहे. समोरच्याला शंभर वॉटवर आपण एस ९ ऐकू येत असू, तर सहा वॉटवर एस ७ ऐकू येऊ, आणि शांत बँडवर एस ७ आरामात समजतो. गोंगाटात मात्र हेच दोन घर निर्णायक ठरतात. इमारतीत लिफ्ट, एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर आणि शेजारच्या गच्चीवर सौर इन्व्हर्टर असेल, तर आपल्याच बाजूला एस ७ इतका खरखराट कायम राहतो आणि दूरचा माणूस आपल्याला ऐकत असूनही आपण त्याला ऐकू शकत नाही. अशा ठिकाणी शंभर वॉटही उपयोगी पडत नाहीत, कारण अडचण पाठवण्याची नसून ऐकण्याची असते; तयार रिगमधील डिजिटल नॉइज रिडक्शन आणि नॉइज ब्लँकर मात्र तिथे काही प्रमाणात कामी येतात. गंगापूर रोडवरील उंच इमारतीत राहणाऱ्याने आणि इंदिरानगरमध्ये बंगला असलेल्याने एकच सल्ला ऐकू नये, तो यासाठी.

स्वतः संच बांधण्याबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण याविषयी सर्वांत अधिक गैरसमज आढळतात. भारतात होमब्रूची, म्हणजे घरी बांधलेल्या संचांची, चर्चा अश्हर फरहान, व्हीयू २ ईएसई, यांच्या बिटएक्सशिवाय होऊ शकत नाही. त्यांनी २००३ साली मांडलेला वीस मीटरचा मूळ बिटएक्स हा सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून बांधता यावा असा एसएसबी (आवाज पाठवण्याची एचएफवरील प्रचलित पद्धत) ट्रान्सीव्हर, म्हणजे ऐकण्या-बोलण्याचा एकत्रित संच होता. त्यातील ऑसिलेटरची (वारंवारता निर्माण करणाऱ्या भागाची) कॉइल गुंडाळण्यासाठी त्यांनी नळाचा प्लॅस्टिक वॉशर वापरला होता. एकच अॅम्प्लिफायर साखळी ऐकताना एका दिशेने आणि बोलताना उलट दिशेने चालते, ही त्या रचनेची मुख्य कल्पना असून तिच्यामुळे भागांची संख्या आणि खर्च दोन्ही कमी होतात. पुढे चाळीस मीटरसाठी बिटएक्स ४० आणि सर्व एचएफ बँडसाठी मायक्रो बिटएक्स आला, आणि त्यांत एसआय ५३५१ चिपवर चालणारा डिजिटल ऑसिलेटर आला.

हा शेवटचा बदल नाशिककरांना विशेष महत्त्वाचा वाटावा. जुन्या पद्धतीच्या कॉइल आणि कपॅसिटरच्या ऑसिलेटरची वारंवारता तापमानाबरोबर सरकते. डिसेंबरच्या सकाळी इथे पारा आठ-दहा अंशांवर असताना संच सुरू करावा आणि तासाभरात खोलीत ऊन येऊन ती तापावी, एवढ्यात वारंवारता काही शे हर्ट्झ हलते आणि समोरच्याचा आवाज हळूहळू बारीक किंवा घोगरा होत जातो. मी पहिला संच अशाच ऑसिलेटरवर बांधला होता आणि सकाळच्या गप्पांत दर पाच मिनिटांनी नॉब हलवावा लागे. आज नवा संच बांधणाऱ्याने शिकण्याची मुद्दाम इच्छा नसेल, तर एसआय ५३५१ च वापरावा.

सुटे भाग नाशिकमध्ये सगळे मिळत नाहीत. कॉइलसाठी लागणारी इनॅमल तार सातपूर-अंबडच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानांतून वजनावर मिळते आणि ती उत्तम असते. टोरॉइड (तार गुंडाळायचे कड्यासारखे गाभे), क्रिस्टल (ठरावीक वारंवारतेचे क्वार्ट्झचे भाग) आणि आरएफ, म्हणजे रेडिओ वारंवारतेचे ट्रान्झिस्टर यांसाठी मात्र पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठावा आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतावे; रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात. फिल्टरसाठी चार क्रिस्टल लागत असले तरी एकाच आकड्याचे वीस आणावेत, प्रत्येकाला एका साध्या ऑसिलेटरमध्ये लावून वारंवारता वहीत लिहावी आणि एकमेकांपासून पन्नास हर्ट्झच्या आत असलेले चार निवडावेत. टोरॉइडवर तार गुंडाळताना तार छिद्रातून एकदा गेली की तो एक वेढा, असे मोजायचे असते. बाहेरून दिसणारे वेढे मोजणाऱ्याचा हिशेब नेहमी एकाने चुकतो. सोल्डर करण्यापूर्वी तारेच्या टोकावरील इनॅमल ब्लेडने तांबे चमकेपर्यंत खरवडावे, अन्यथा वरून चकचकीत दिसणारा जोड आतून ड्राय, म्हणजे नीट न जुळलेला, राहतो आणि दोष शोधण्यात आठवडा जातो.

शेवटच्या टप्प्यातील आयआरएफ ५१० हा मॉसफेट (शक्ती वाढवणारा ट्रान्झिस्टर) स्वस्त आहे, परंतु तो अत्यंत काळजीने हाताळावा लागतो. त्याचा धातूचा पत्रा ड्रेन या टोकाला जोडलेला असतो, म्हणून हीटसिंकवर बसवताना मधे अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूभोवती प्लॅस्टिकचा बुश हवाच. बायसचा (विश्रांतीचा करंट ठरवणारा) प्रीसेट, म्हणजे फिरवून जुळवायचा छोटा रेझिस्टर, पूर्णपणे किमान बाजूला फिरवून मगच वीज द्यावी. मी एकदा तो उलट्या टोकाला ठेवून बटण दाबले आणि क्षणार्धात मॉसफेट गेला. त्यानंतर पुरवठ्याच्या तारेत मल्टीमीटर लावून, प्रीसेट केसभर फिरवत, विश्रांतीचा करंट शंभर मिलिअँपिअरने वाढेपर्यंत थांबण्याची सवय लागली, आणि तेव्हापासून एकही भाग जळला नाही. पहिली चाचणी अँटेनावर न करता डमी लोडवर, म्हणजे तिच्या जागी जोडलेल्या रेझिस्टरवर करावी. एक हजार ओहमचे, एक वॉटचे वीस रेझिस्टर समांतर जोडले की पन्नास ओहमचा, वीस वॉट झेलणारा लोड तयार होतो. लो पास फिल्टर वगळून संच हवेत सोडू नये, कारण सात मेगाहर्ट्झच्या चौदा आणि एकवीसवर पडणाऱ्या हार्मोनिक्सची (पटींतील नको असलेल्या संकेतांची) जबाबदारी पूर्णतः परवानाधारकाची असते.

तयार रिगबद्दल थोडक्यात. ती डब्यातून काढल्यावर त्याच संध्याकाळी बोलता येते, सर्व एचएफ बँड मिळतात, एफटी ८ सारख्या डिजिटल पद्धतींसाठी लागणारी स्थिरता असते आणि विकायची ठरवली तर किंमतही बरी येते. सूर्यावरील डागांच्या पंचविसाव्या चक्राचा कमाल काळ २०२४ मध्ये जाहीर झाल्याने दहा आणि पंधरा मीटरचे उंच बँड पुढील काही वर्षांत हळूहळू मंदावतील. त्यांवर दूरदेशी बोलण्याची ओढ असेल, तर रिग उशिरा घेण्यापेक्षा आता घेणे योग्य. मात्र बोलताना तिला १३.८ व्होल्टवर वीस अँपिअरहून अधिक करंट लागतो, म्हणून तगडा पॉवर सप्लाय किमतीत धरावा, आणि परदेशातून मागवायची असेल तर आयातीच्या परवानगीची कागदपत्रे आधी पूर्ण करावीत. घरचा सहा वॉटचा संच याउलट यूपीएसच्या सात अँपिअर-तासाच्या बॅटरीवर तासन्तास चालतो आणि पाठीवर टाकून पांडवलेणीच्या डोंगरावर नेता येतो. तो बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस घरातच असतो. तयार रिगचे सूक्ष्म भाग बदलायला सेवा केंद्राची वाट पाहावी लागते.

माझा कल असा आहे. अभियांत्रिकीचा विद्यार्थी किंवा हातात सोल्डरिंग आयर्न धरण्याची आवड असलेला कोणीही चाळीस मीटरचा एकबँडी संच किटवरून बांधून सुरुवात करावी. संध्याकाळचा तासभर दिला तर तो तीन-चार आठवड्यांत उभा राहतो. ज्याला आठवड्यातून जेमतेम दोन तास मिळतात आणि त्या दोन तासांत फक्त बोलायचे आहे, त्याने निःसंकोच तयार रिग घ्यावी. अर्धवट बांधलेला संच कपाटात पडून राहिला तर परवानाही तसाच पडून राहतो. सिंहस्थातील सेवेसाठी हँडी घ्यावी, पण एकुलता एक संच म्हणून नाशिकमध्ये मी ती कोणालाही सुचवणार नाही.

एचएफचा कोणताही मार्ग निवडला तरी पैसे मोजण्यापूर्वी सोसायटीच्या सचिवांकडून गच्चीवर डायपोल लावण्याची लेखी परवानगी घ्यावी. चाळीस मीटरसाठी दोन्ही बाजू मिळून सुमारे वीस मीटर तार लागते. गच्ची लहान असेल तर मधला बिंदू नऊ-दहा मीटर उंच खांबावर घेऊन दोन्ही टोके उलट्या व्ही आकारात खाली आणता येतात. महावितरणच्या तारांपासून ती इतकी दूर असावी की तुटून पडली तरी त्यांना शिवणार नाही. प्रत्येक बाजू आधी साडेदहा मीटर कापून, एसडब्ल्यूआर (अँटेना संचाशी किती जुळली हे दाखवणारे प्रमाण) पाहत पाहत टोकाकडून थोडी थोडी कमी करावी, आणि मे महिन्याच्या अखेरीस ढग गडगडू लागले की कोॲक्स, म्हणजे अँटेनाची केबल, संचापासून काढून खिडकीबाहेर ठेवावी.