पोस्टमनकडून घरपोच रोकड: राजापूरकडच्या वाडीतून

आमची वाडी रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यात आहे. एसटी धरून बँकेत जायचं म्हणजे दिवस मोडतो. त्यामुळे २०१८ साली सुरू झालेल्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची घरपोच पैशांची सोय मला मनापासून आवडली. खातं कुठल्याही बँकेचं चालतं, फक्त आधार जोडलेलं हवं. पोस्टमन खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात बसतात, मशीनवर अंगठा घेतात आणि नोटा मोजून देतात. एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत निघतात.

सासूबाईंचा अंगठा सहसा लागत नाही, शेतीकामात रेषा झिजल्यात. मग पदराला हात पुसायचा आणि एकेक बोट लावून बघायचं. बहुतेक वेळा अनामिकेवर काम होतं. पोस्टमन कधी घाई करत नाहीत. रेंज नसली की मात्र सगळ्यांना सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर चढावं लागतं, आणि म्हाताऱ्या माणसांना ते झेपत नाही.

पैसे धाडतात आमचे हे, नालासोपाऱ्याहून. सासरे मुंबईच्या कापडगिरणीत होते तेव्हा मनीऑर्डर यायची. १९८२ च्या संपात ती बंद पडली आणि इथली चूल थंडावली. घरोघरी हीच कथा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या आणि एकूण लोकसंख्या २००१ पेक्षा घटली होती. कमावती माणसं मुंबईला, दुसरं काय!

या पैशावर आमचं चिऱ्याचं घर उभं राहिलं, मुलगी कॉलेजला गेली. ज्यांचं मुंबईत कोणी नाही ती घरं मात्र मागेच राहिली. गावात माणूस मिळेना म्हणून भातलावणीच्या बायांची मजुरी वाढली, ते चांगलंच झालं, त्यांच्या कष्टाला मोल आलं. पण ती मजुरी सगळ्यांना परवडत नाही, म्हणून कितीतरी मळे पडीक आहेत. आंब्याच्या कलमांच्या राखणीला नेपाळी गडी येतात, त्यांचा पगार त्यांच्या गावी जातो. आमचा पैसाही सिमेंट, औषधं, मोबाइल यांत परत शहराकडेच वळतो. मुंबईच्या पगाराने घरं सावरली, पण इथे चार पोरांना काम देईल असं काही त्यातून उभं राहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सेवेला पाचपैकी साडेचार. गणपतीच्या आधी चाकरमान्यांचे पैसे एकदम येतात आणि पोस्टमनकडची रोकड संपते, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून रक्कम सांगून ठेवा.