कॉन्टेसात इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन टाकून अकरा महिने झाले, आता खरं खरं सांगतो

पहिलेच सांगून ठेवतो, हिंदुस्थान मोटर्सची ही कॉन्टेसा काही कूपे, म्हणजे दोन दारांची शर्यतीछाप गाडी नाही, तिला चार दारं आहेत हे मलाही दिसते. पण ते लांबलचक बोनेट अन् मागून बसकी बॉडी पाहून आमच्या कारंज्याकडच्या गावात पोट्टे अजूनही तिला शर्यतीची गाडी म्हणतात, आणि त्या मानानं तिचं इंजिन म्हणजे निव्वळ थट्टा होती. १९८४ मध्ये गाडी आली तेव्हा बॉडी विलायतेतल्या व्हॉक्सहॉलची अन् आत इंजिन आपल्या अँबेसेडरचंच, १४८९ सीसी, पन्नासेक हॉर्सपॉवर. एवढ्या जड गाडीला पन्नास घोडे म्हणजे बंडीला शेळी जुंपल्यासारखं काम. माझी ८७ ची आहे, काकाजींची होती. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना ती दुसऱ्या गिअरच्या वर कधी गेली नाही, मागून माणसं कोंबलेली काळीपिवळी हॉर्न मारत निघून जायची अन् काकाजी म्हणायचे, "जाऊ दे रे, त्याले घाई असन."

इंजिन बदलायचं ठरल्यावर गावात सगळेच इंजिनियर झाले. कोणी म्हणे डिझेल टाक, कोणी म्हणे जीपचं टाक, एकानं तर ट्रॅक्टरवाल्याचा नंबर दिला. माझं म्हणणं एकच होतं की कंपनीनं ज्या बॉडीत जे इंजिन स्वतः बसवून विकलं तेच घ्यायचं. कॉन्टेसा क्लासिकात १८१७ सीसीचं इसुझू पेट्रोल अन् पाच गिअरचा बॉक्स यायचा, ८८ हॉर्सपॉवर, आणि तेच इंजिन पुढे अँबेसेडर १८०० आयएसझेडमध्ये पण आलं. म्हणजे माउंटिंग अन् क्रॉस मेंबर (इंजिन-गिअरबॉक्स ज्यावर टेकते ते भाग), सायलेन्सरचा पाइप हे सगळं शोधलं तर मिळते, स्वतःच्या मनानं वेल्डिंग मारत बसायची पाळी येत नाही. नागपूरच्या एका भंगारवाल्याकडे लिलावातली सरकारी अँबेसेडर उभी होती, तिचं इंजिन अन् गिअरबॉक्स मिळून ५२ हजारात सौदा झाला.

मिस्त्री म्हणाला, "भाऊ, इंजिन तं मी दोन दिवसात बसवून देतो, पण त्याच्या मागचं-पुढचं तुमी पाहा." मी हसलो होतो. लागले सात आठवडे अन् एकूण खर्च गेला १ लाख ७४ हजारावर, म्हणजे इंजिनाच्या दुपटीहून जास्त पैसा इंजिनाच्या आजूबाजूला गेला. सगळ्यात जास्त रडवलं प्रॉपेलर शाफ्टनं, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यानं. पाच गिअरचा बॉक्स लांब, म्हणून शाफ्ट कापून छोटा करावा लागला, लेथवाल्यानं कापून जोडून दिला पण बॅलन्सिंग केलंच नाही. ७० च्या वर गाडी अशी थरथरायची की आरशात मागचा ट्रक एकाचे तीन दिसायचे. पुन्हा खोलला, अमरावतीला मशीनवर बॅलन्स करून आणला, तेव्हा कुठं शांत झाली. दुसऱ्यांदा खोलायची मजुरी वेगळी, हे सांगायची गरज नाही.

दिवाळीनंतर गाडी रस्त्यावर आली अन् तीन-चार महिने काय मजा केली बाप्पा. सीझनमध्ये कापसाच्या गाड्यांच्या मागं आधी अर्धा अर्धा तास लटकून राहायचो, आता चौथ्यातून तिसऱ्यात टाकायची अन् निघून जायचं. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, मी ९५-१०० च्या वर नेत नाही, पण पाचव्या गिअरमध्ये इंजिन आरामात असते, जुन्यासारखं ८० ला कोकलत नाही. त्या सिमेंटच्या रोडवर जायच्या आधी चारही टायर नवे टाकले, ते मात्र कोणी न सांगता.

मग लागला उन्हाळा. जुनं रेडिएटर १.५ लिटरच्या जुन्या इंजिनासाठीचं, ते मी "पाहू नंतर" म्हणून तसंच ठेवलं होतं, ही माझी चूक, मिस्त्रीची नाही. मार्चमध्येच काटा वर सरकायला लागला. एप्रिलमध्ये तीन रांगांची जाळी टाकली अन् इलेक्ट्रिक पंखा लावला, तेव्हा काटा जाग्यावर आला. वाटलं सुटलो. मे महिन्यात भर दुपारी मंगरूळपीरच्या रोडवर गाडी भुरभुर करून बंद. काटा नॉर्मल, करंट बरोबर, पण पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येईना. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच चिकटलेला, तो इतका तापला की आतल्या आत पेट्रोलची वाफ होऊन राहिली अन् वाफ काही पंपाला ओढता येत नाही. शेतातून एक आजोबा पाण्याची कॅन घेऊन आले, ओलं फडकं पंपावर ठेवलं, दहा मिनिटांनी गाडी सुरू. आजोबा म्हणे, "तिलेबी ऊन लागलं बावा." पुढं असं अजून चारदा झालं, तेव्हापासून डिक्कीत फडकं अन् पाणी कायमचं असते. शेवटी टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप टाकला, मग ते बंद झालं. त्याच वेळी पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलले, कारण आता विकत मिळते ते २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे आणि जुन्या रबराला ते खाते, माझा एक पाइप बोटानं दाबला तर गूळ दाबल्यासारखा दबला. जुनी कार्बोरेटरची गाडी असेल तर इंजिन बदला नाही तर नका बदलू, हे पाइप आज पाहा.

ब्रेकचं थोडक्यात सांगतो. गाडी पळायला लागल्यावर कळते की थांबायची सोय पन्नास घोड्यांच्याच हिशेबाची आहे. मास्टर सिलिंडर अन् बूस्टर (ब्रेकला जोर देणारे भाग) बदलला, तरी मी अंतर ठेवूनच चालवतो. पेंटवर ३० हजार घालवले ते आधी ब्रेकवर घालायला पाहिजे होते.

मायलेज गावात साडेआठ, समृद्धीवर अकरापर्यंत. जुनं इंजिन नवाच्या आतबाहेर द्यायचं, म्हणजे फरक तसा काही नाही, उलट लांबच्या रोडवर फायदाच.

कागदपत्राचं टाळू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदललं की आरटीओची मंजुरी अन् आरसीवर नोंद लागते, विम्यावाल्यालाही कळवावं लागते, नाही तर उद्या काही झालं तर क्लेमला हात वर. मी आधी अर्ज टाकला, भंगारवाल्याकडून इंजिन नंबरसकट पक्कं बिल घेतलं (त्याच्यासाठी त्यानं लय नखरे केले), तरी चार चकरा झाल्याच. एका मित्रानं कागद न करता त्याच्या गाडीत मोठं इंजिन टाकलं, त्याची गाडी आता रात्रीच बाहेर निघते.

सध्या चालू तक्रारी दोन. रिव्हर्स पडताना कडकड होते, अन् स्पीडोमीटर खोटं बोलते, मोबाइलवर ८० असलं की काट्यावर ९२. केबलचा गिअर शोधून राहिलो, मिळत नाही.

जुनं १.५ चं इंजिन गोठ्यात झाकून ठेवलं आहे, विकायची हिंमत होत नाही. शेजारचे भाऊ दोनदा विचारून गेले, "विहिरीवर लावतो, देऊन टाक ना." काकाजींना अजून विचारलं नाही.