युरो-रुपये अदलाबदलीत ८४,२०० रुपये गेले, बाहेर शिकायला गेलेल्या सोलापूरच्या पोरापोरींनी वाचा

सरळ आकडाच सांगते. १७ एप्रिल २०२५ ला ६५,८०० आणि १९ एप्रिलला १८,४००, एकूण ८४,२०० रुपये. दोन्ही वेळा यूपीआयने, बाबांच्या खात्यातून, आणि दोन्ही वेळा मीच जर्मनीतून फोन करून "पाठवा ओ बाबा, माणूस आपलाच आहे" म्हणाले होते. बाबांचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं छोटं युनिट आहे, चार लूम. ८४ हजार जमायला किती दिवस लूम चालवावा लागतो ते ज्याच्या घरी लूम आहे त्याला सांगायला नको. इतके महिने घराबाहेर कुणाला बोलले नाही, लाज वाटायची. आता बोलतेय कारण तोच प्रकार परत सुरू झालाय.

मी एका सेमिस्टरसाठी ड्रेस्डेनला गेले होते, मार्चच्या शेवटी. ब्लॉक्ड अकाउंटचं जाणाऱ्यांना माहितीच आहे, व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचे आणि ते तिथं महिन्याला ठराविकच सुटतात, तेव्हा महिन्याला ९९२ युरो, सहा महिन्यांचे ५,९५२ आधीच भरलेले. पण ते सुटायला तिथल्या पत्त्याची नोंदणी लागते, आणि मला नोंदणीची तारीख मिळाली ५ मे. म्हणजे माझ्याच नावावर ५,९५२ युरो पडून, आणि मी नेलेल्या कॅशवर दिवस काढतेय, त्यातलेही बरेचसे खोलीच्या डिपॉझिटमध्ये गेलेले. ईस्टरच्या सुट्टीत आम्ही चौघींनी प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस ठरवलं होतं, बसची तिकिटं आधीच काढलेली, परत न होणारी. फॉरेक्स कार्ड (परकीय चलन भरून वापरायचं कार्ड) का नाही भरलं असं प्रत्येकाने विचारलं, तर भरायला बाबा गेले होते. त्या आठवड्यात सोमवारी आंबेडकर जयंती, शुक्रवारी गुड फ्रायडे, मधल्या मंगळवारी बाबा बँकेत गेले तर हा फॉर्म, पासपोर्टची कॉपी, युनिव्हर्सिटीचं पत्र, आणि ते काम बघणारे साहेब रजेवर. मग मी जर्मनीतल्या मराठी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर विचारलं, कुणाला रुपये हवेत का. सगळे करतात ओ हे. तिथं ज्याच्याकडे युरो आहेत त्याला इकडे लोनचा हप्ता भरायला रुपये हवे असतात, आपल्याला युरो, आपल्या घरचे त्याच्या खात्यात रुपये टाकतात, तो आपल्याला युरो टाकतो. ग्रुपवर रोज दोन-तीन असे मेसेज असायचे.

पाचव्या मिनिटाला एका पोराचा मेसेज. "सोलापूरची का गं? मी पण." रेट एका युरोला ९४ रुपये. तेव्हा गुगलवर ९७ च्या आसपास दिसत होता आणि बँकेत सगळे चार्जेस धरून ९९ च्या वर जात होतं. म्हणजे ७०० युरोमागे साधारण ३,५०० रुपये वाचणार होते. लोभ लोभ म्हणून जे मला ऐकवतात त्यांनी हा आकडा बघावा. मला स्वस्त नको होतं, वेळेवर हवं होतं.

तो तासभर बोलला. सात रस्ता, हुतात्मा बाग, आईने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली का, सगळं विचारलं. तीन आठवडे कुणी असं मराठी बोललं नव्हतं माझ्याशी. आणि त्याच बोलण्यात तो म्हणाला की मी गेल्या सप्टेंबरात इकडे आलो, गड्डा बघूनच निघालो. गड्डा! सिद्धेश्वरची यात्रा संक्रांतीला असते, जानेवारीत, सोलापूरच्या पहिलीतल्या पोराला पण माहितीये, आणि हा गड्डा बघून सप्टेंबरात निघाला. मी ऐकलं. मला खटकलं सुद्धा. आणि मी स्वतःच मनात म्हटलं की जानेवारीत बघितला असेल, नंतर निघाला असेल. त्याच्या चुकीला कारण मी शोधून दिलं. हे आठवलं की अजून झोप लागत नाही.

पण त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. मी म्हटलं आधी ५० युरोचं करून बघू. मंगळवारी रात्री बाबांनी ४,७०० टाकले आणि माझ्या जर्मन खात्यात ५० युरो आले, दहा सेकंदात. मग गुरुवारी १७ तारखेला ७०० चं ठरलं. इकडे रात्रीचे पावणेदहा, तिकडे सव्वासहा. बाबांनी ६५,८०० टाकण्याआधी मला सांगितलं की स्क्रीनवर नाव वेगळं येतंय. मी त्याला विचारलं, तो म्हणाला रूममेटच्या भावाचं खातं आहे, त्याचे पैसे द्यायचेत. बाबांनी टाकले. त्याने मला बँकेची पावती पाठवली, पीडीएफ, ७०० युरो, माझा आयबॅन (तिकडचा खाते क्रमांक) बरोबर, आणि खाली लिहिलं, "उद्या गुड फ्रायडे, सोमवारी पण बँका बंद, मंगळवारी येतील, टेन्शन घेऊ नकोस."

हे खरंय की गुड फ्रायडे आणि ईस्टर मंडे या दोन्ही दिवशी युरोपातली बँकांमधली साधी ट्रान्सफर बंद असते. मी गुगलवर बघून खात्री पण केली, आणि खात्री केली म्हणून जास्त विश्वास बसला. पण मंगळवारचे ५० युरो दहा सेकंदात आले होते ना? ते इन्स्टंट होते, म्हणजे लगेच पोचणारी ट्रान्सफर. इन्स्टंटला सुट्टी नसते, रविवार नसतो, रात्र नसते. ज्या खात्यातून ५० इन्स्टंट येतात त्याच खात्यातून ७०० ला पाच दिवस का लागतील हा एक प्रश्न, एकच, मी विचारला असता तर बाबांचे पैसे वाचले असते. प्रश्न माझ्या समोर होता, दोन्ही मेसेज एकाच चॅटमध्ये एकाखाली एक होते.

मी शुक्रवारी सकाळी ८३ युरो घेऊन प्रागच्या बसमध्ये बसले. प्रागमध्ये जुन्या चौकाजवळ एक माणूस चांगल्या रेटने क्राऊन (तिथलं चलन) देतो म्हणत मागे लागला, त्याला मी हातही लावू दिला नाही, कारण हे लोक क्राऊनच्या जागी दुसऱ्याच देशाच्या बाद झालेल्या नोटा देतात हे वाचून गेले होते. (प्रागला जाणाऱ्यांसाठी: चलन बदलायच्या दुकानातही रेट फसवा वाटला तर १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, २०१९ पासून तसा कायदा आहे, पावती जपून ठेवा.) पाकीट जॅकेटच्या आत, पासपोर्ट पोटाला बांधलेला. तिथल्या प्रत्येक माणसाकडे संशयाने बघत होते आणि ज्याने लुटलं तो फोनवर मला "जेवलीस का" विचारत होता.

शनिवारी त्याचा फोन. तुझे हाल होत असतील, व्हिएन्नात माझा मित्र आहे, तो तुला उद्या २०० युरो कॅश देईल, रेट ९२ लावतो. बाबांनी १८,४०० टाकले. रविवारी, ईस्टरच्या दिवशी, व्हिएन्नाच्या मुख्य स्टेशनवर मी अडीच तास उभी होते. आधी मित्र ट्राममध्ये, मग मित्राचा फोन लागत नाही, मग याचाच फोन लागत नाही. मैत्रिणी पॅलेस बघायला गेल्या होत्या आणि मी स्टेशनच्या बाकावर आईची कडक भाकरी चटणीशी खात बसले होते, कारण तिथलं काही विकत घ्यायची भीती वाटत होती. नागपूरच्या मैत्रिणीने १५० युरो उसने दिले म्हणून परत येता आलं. व्हेनिस सोडलं, तिकीट बुडालं. मंगळवारी ७०० आले नाहीत आणि नंबर ब्लॉक.

मग खरा तमाशा सुरू झाला. ग्रुपच्या ॲडमिनने "व्यवहाराला ग्रुप जबाबदार नाही" असं लिहून मलाच काढून टाकलं, त्याला नाही. ड्रेस्डेनच्या पोलिसांकडे गेले, नीट बोलले, पण म्हणाले रुपये भारतातून भारतात गेलेत, तक्रार तिकडे द्या. इकडे बाबांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक मिळाला, आणि तो घेऊन जवळच्या ठाण्यात गेले तर पहिला प्रश्न, मुलगी कुठे आहे? जर्मनीत. मग जर्मनीत द्या की. बाबा म्हणाले पैसे माझ्या खात्यातून गेलेत, मी इथं उभा आहे, तर म्हणे सायबरला जा. सायबरला गेले तर रक्कम छोटी आहे, हद्दीतल्या ठाण्यातच द्या. असे सहा फेरे झाले, युनिट बंद ठेवून. बँकेत मॅनेजर म्हणाले तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, बँकेचा काय संबंध. आणि सहाव्या फेरीत एका साहेबांनी बाबांना सांगितलं की हे तर हवालाच झालं, तक्रार लिहून दिलीत तर केस तुमच्यावरच होईल. बाबा त्या दिवशी घरी येऊन कुणाशी बोलले नाहीत. ५६ वर्षांचा माणूस, आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही, त्याला खुर्ची न देता हवालावाला म्हणायचं.

हो, मी नंतर वाचलं. १९९९ च्या फेमा कायद्यात परकीय चलन अधिकृत बँक किंवा डीलरकडूनच घ्यायचं असतं, आपसातली ही अदलाबदल चालत नाही. मला माहीत नव्हतं, मान्य. पण म्हणून चोराची चोरी माफ होते का? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ वाचा, १ जुलै २०२४ पासून लागू आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत झाला असला तरी ठाण्यात माहिती देता येते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. नोंदवत नसतील तर वरिष्ठांना पोस्टाने लेखी पाठवा आणि पोचपावती ठेवा. आम्ही तसं केल्यावरच जूनमध्ये नोंद झाली. तोपर्यंत त्या खात्यातून पैसे एटीएमने निघून गेलेले. होल्ड झालेली रक्कम १,१४० रुपये, तीही परत घ्यायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. पैसे गेले हे कळल्याच्या पहिल्या तासात १९३० लावा, यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा क्रमांक) हातात ठेवून. आम्ही मंगळवारपर्यंत वाट बघितली, त्याने ईस्टर निवडला तो त्यासाठीच.

ते ५० युरो पण त्याचे नव्हते. माझ्या स्टेटमेंटवर पाठवणाऱ्याचं नाव एका मुलीचं होतं, मी शोधून मेसेज केला, ती दुसऱ्या शहरात शिकणारी, तिला वाटत होतं की ती खोलीचं टोकन भरतेय. म्हणजे तिच्या पैशाने माझा विश्वास विकत घेतला. पाठवणाऱ्याचं नाव आणि समोरच्याचं नाव एक आहे का, एवढं तरी बघा. युरो आपल्या खात्यात दिसल्याशिवाय इकडून एक रुपया सोडायचा नाही, पावती म्हणजे पैसे नव्हेत. सुट्टी आहे म्हणाला तर इन्स्टंट कर म्हणा, ९ ऑक्टोबर २०२५ पासून तर युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना इन्स्टंट पाठवायची सोय द्यावीच लागते. आणि जाण्याआधीच फॉरेक्स कार्डवर दोन महिन्यांचे भरून जा, ब्लॉक्ड अकाउंट वेळेवर सुटेल असं धरून चालू नका.

परवा ज्युनिअरने स्क्रीनशॉट पाठवला, हिवाळी सेमिस्टरच्या ग्रुपवरचा. नाव वेगळं, फोटो वेगळा, गाव आता बार्शी. रेट बँकेपेक्षा ४ रुपये कमी. "५० युरोचं आधी करून बघ" हे तो स्वतःच सुचवतोय. तिने टाकले नव्हते अजून. तिच्या ग्रुपमध्ये २०० च्या वर पोरं आहेत, त्यात सोलापूरचं, बार्शीचं, पंढरपूरचं कुणी असेल तर त्यांच्या घरी आजच फोन करा, नाताळच्या सुट्टीत २५ आणि २६ डिसेंबरला तिकडे परत बँका बंद असतात.