कटलासची पुस्तकं : आठ महिने वापरल्यावर

कटलास म्हणजे खलाशांची आखूड तलवार. तिच्यावरचं एक पुस्तक खराब निघालं म्हणून परत करायला गेलो, तर परवा विक्रेत्याचं शेवटचं उत्तर आलं, ‘मागणीनुसार छापलेली प्रत परत घेत नाही’. पुस्तकापेक्षा त्याचा डाकखर्च जास्त पडला होता, आणि हातात काय आलं? जुन्या पुस्तकाचं स्कॅन करून काढलेलं पुनर्मुद्रण. मजकूर वाचता येतो, पण चित्रांची पानं काळीठिक्कर. परज (बोटं वाचवणारं कवच) कुठे संपते आणि मूठ कुठे सुरू होते तेच कळत नाही. तलवारीच्या पुस्तकात चित्रं गेली म्हणजे सगळंच गेलं. नवं म्हणून विकत असतील तर आधी आतल्या एका चित्राच्या पानाचा फोटो मागा. देत नसतील तर घेऊ नका.

मी नाटकांसाठी शस्त्रं बनवतो. यंदा ब्रिटिश खलाशांच्या हाती द्यायला १८०४ च्या नमुन्याच्या सहा कटलास हव्या होत्या. पातं सरळ, साधारण २९ इंची, मूठ लोखंडी, काळ्या रंगाची, आडव्या खाचांची. परज म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराचा लोखंडी पत्रा. तो असा वळवलेला की एक चकती पात्याच्या बुडाशी येते आणि दुसरी बोटांवर.

हे वळण मला गिल्कर्सनच्या ‘बोर्डर्स अवे’मुळे समजलं. १९९१ चा पहिला खंड घ्या, त्यात १६२६ ते १८२६ मधली धारदार शस्त्रं आणि भाले आहेत. दुसरा खंड बंदुका-पिस्तुलांचा आहे, तो चुकून मागवू नका. गिल्कर्सन स्वतः चित्रकार, त्यामुळे वस्तू हातात धरून पाहिल्यासारखी वाटते. पुठ्ठ्याचा आठ कापला, दोन चकत्यांमधली अरुंद पट्टी वाफेवर धरून वाकवली, आणि पहिल्याच प्रयत्नात बोटं आत बसली. त्या दिवशी पैसे वसूल झाले.

मॅकग्राथ आणि बार्टन यांचं २०१३ चं ब्रिटिश आरमारी तलवारींवरचं पुस्तक सुरुवातीला मी बाजूला टाकलं होतं. मला मापं हवी होती आणि त्यात तलवारबाजीही होती. हे मत आता बदललंय. तालमीत मुलं कटलास फॉइलसारखी, म्हणजे फेन्सिंगच्या बारीक तलवारीसारखी, नाजूक धरू लागली, तेव्हा तेच पुस्तक उघडून बसलो.

मे आणि ॲनिस यांचा १९७० चा दोन खंडांचा ग्रंथ लंडनमधल्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाच्या संग्रहावर आधारलेला आहे. अभ्यासकाला तो हवाच, पण जुनी प्रत माझ्या खिशाला परवडत नाही. ग्रिनिचच्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर तलवारींचे फोटो आणि मापं फुकट पाहायला मिळतात. खर्च करण्याआधी तिथे दोन रात्री घालवा. मी हे सगळ्यात शेवटी केलं, त्याची हळहळ वाटते.

तरी एक गोष्ट मला कुठेच मिळाली नाही, मुठीची जाडी! पात्याची लांबी-रुंदी सगळे देतात. पण खलाशाची मूठ वळायची ती त्या लोखंडी दांड्याभोवती, त्याचा घेर किती? मी तीनदा अंदाजाने मुठी केल्या. पहिली इतकी जाड झाली की एका मुलीला पकडताच येईना. तिसरी बरी वाटते, पण ती खऱ्यासारखी आहे की फक्त आमच्या हाताला सोयीची, हे मला सांगता येत नाही.

कुणाकडे अस्सल १८०४ ची कटलास असेल, तर मुठीच्या मधोमध दोरा गुंडाळून तेवढं माप कळवा.