रोजंदारी की मासिक वेतन? मुखवट्याआडच्या कामगारांचा हिशेब

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील जे तरुण मनोरंजन उद्यानांत कापडी अस्वल बनून मुलांना हसवतात, त्यांना रोजंदारी सोयीची वाटते, कारण संध्याकाळी पैसे हातात पडतात. पण पाऊस लागला की खाडा, आणि आदल्या दिवशी दुसऱ्याच्या घामाने भिजलेला, आतला स्पंज अजून न वाळलेला मुखवटा पुन्हा डोक्यावर चढवायचा. रीतसर मासिक नोकरीत, वेतन २१,००० रुपयांपर्यंत असल्यास, कामगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाच्या ३.२५ टक्के वर्गणीतून ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) उपचार मिळतात, आणि एप्रिलच्या उन्हात भोवळ येणाऱ्याला हा फरक मोठा आहे. माझा कौल मासिक वेतनालाच. मात्र पोशाखाची धुलाई आणि विश्रांतीची वेळ करारात लिहून घ्यावी. अशा अटी एकट्याने मिळवणे अवघड: कॅलिफोर्नियातील डिस्नीलँडमध्ये पात्रांचे पोशाख घालणाऱ्या कलाकारांनीही २०२४ मध्ये मतदानाने कामगार संघटनाच निवडली.