चाकांच्या नटांवरील पिवळे दर्शक: उपयोग आणि मर्यादा
अवजड वाहनांच्या चाकांच्या नटांवर बसवायचे हे पिवळे प्लास्टिकचे दर्शक मला उपयुक्त वाटले. मात्र त्यांच्याकडून नेमकी कशाची अपेक्षा ठेवावी, हे आधी समजून घ्यायला हवे. शेजारच्या दोन नटांवरील दर्शकांची टोके समोरासमोर ठेवली की एखादा नट थोडासा फिरला तरी त्यांची जुळणी मोडते आणि गाडीभोवती फेरी मारतानाच चालकाच्या ते लक्षात येते. परंतु नट न फिरताही पकड सैल होऊ शकते: रिम आणि हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) यांच्यामध्ये गंज, माती किंवा रंगाचा जाड थर राहिला असेल, तर तो दबल्यावर बोल्टमधील ताण कमी होतो आणि दर्शक मात्र जागचा हलत नाही. म्हणून ते पृष्ठभाग स्वच्छ करणे, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळणे आणि शेवटी टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजणाऱ्या पान्याने) निर्मात्याने दिलेले मूल्य गाठणे, याला पर्याय नाही. केवळ इम्पॅक्ट गनवर (झटक्यांनी नट आवळणाऱ्या यंत्रावर) विसंबू नये. चाक बसवल्यानंतर साधारण 80 ते 160 किलोमीटरवर टॉर्क पुन्हा तपासावा आणि त्यानंतर दर्शक नव्याने जुळवावेत. प्लास्टिक उष्णतेने वितळलेले दिसल्यास ब्रेक किंवा बेअरिंग जास्त तापत असल्याची शंका घ्यावी. हा दुसरा उपयोगही मला मोलाचा वाटतो.