पहिला डीएसएलआर घेताना पैसे बॉडीत घालायचे की लेन्समधे?

माझी मावसबहीण महिनाभरापासून मागे लागली होती, दादा कॅमेरा कोणता घेऊ सांग ना, चाळीस हजाराच्या वर एक रुपया नाही माझ्याजवळ. तिला आमच्या नागपूरच्या मारबतीचे, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचे फोटो काढायचे आहेत, तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा लाकडी बैलांचा पोळा, फुटाळा तलावावरची संध्याकाळ, मैत्रिणींचे पोर्ट्रेट, अन् वर्षातून एकदा पेंचचं जंगल. फोनवर तिला तुकड्यातुकड्यात जे सांगतलं तेच इथे नीट लिहून ठेवतो, कारण हाच प्रश्न घेऊन बसलेले खूप जण आहेत. माझं मत पहिलेच सांगून टाकतो, बॉडी दोन हात फिरलेली असली तरी चालते, लेन्स मात्र तुम्ही कुठे फिरता ते पाहून घ्या.

मिररलेसचं आधी, म्हणजे डीएसएलआरसारखा आत आरसा नसलेले नवे कॅमेरे. दुकानदार तेच दाखवून राहिलेत आजकाल, अन् कॅनन-निकॉनचं लक्षही तिकडेच आहे हे खरं आहे. पण त्याच्या लेन्सचे भाव चाळीस हजारवाल्याला झेपत नाहीत, अन् इकडे लोक मिररलेसकडे चालले म्हणून चांगल्या चांगल्या डीएसएलआर बॉड्या सेकंडहँडमधे येऊन पडल्या आहेत. अन् आज घेतलेली कॅननची ईएफ किंवा ईएफ-एस, म्हणजे त्यांच्या डीएसएलआरची लेन्स उद्या त्यांच्या मिररलेसवर अॅडॉप्टर लावून ऑटोफोकससकट चालते, म्हणजे पैसे वाया जात नाहीत.

आता बॉडी. नव्यात बजेटला बसणारी म्हणजे कॅनन १५००डी. २०१८ ची आहे, २४ मेगापिक्सल, फोटोची क्वालिटी खरंच चांगली, वायफाय आहे. फोकसचे ९ पॉइंट अन् सेकंदाला ३ फोटो, म्हणजे पळत्या पोराचा नेमका क्षण बऱ्याचदा हुकतो. स्क्रीन फिरत नाही, टच नाही. तिची लहान बहीण ३०००डी आणखी स्वस्त मिळते पण ती घेऊ नका, लेन्स जिथे बसते ती रिंग प्लास्टिकची, स्क्रीन बारकी अन् धुरकट, अन् व्ह्यूफाइंडरला, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीला, चष्म्याच्या नंबरप्रमाणे अॅडजस्ट करायचं चाकच नाही. माझ्या बहिणीला चष्मा आहे, विषय तिथेच संपला.

कॅननच्याच २००डी अन् २००डी मार्क टू या दोघी वेगळ्याच. पहिली २०१७ ची, दुसरी २०१९ ची. दोन्हीत स्क्रीन बाहेर काढून कुठेही फिरवता येते, टच आहे, अन् ड्युअल पिक्सल ऑटोफोकस आहे, म्हणजे स्क्रीनवर पाहून फोटो काढताना सुद्धा फोकस पटकन बसतो, मोबाइलसारखा. १५००डी ला स्क्रीनवर फोकस करायला लावलं की ते मागेपुढे मागेपुढे करत बसते. मार्क टू नवी घेतली तर बजेटच्या बाहेर जाते, पण पहिली २००डी सेकंडहँड आरामात बसते अन् लेन्सला पैसे उरतात. एक ध्यानात ठेवा, १५००डी अन् मार्क टू दोघींच्याही वरच्या फ्लॅशच्या खाचेत मधली पिन कंपनीने दिलेलीच नाही, त्यामुळे घरात काकांचा एखादा जुना साधा फ्लॅश पडला असेल तर तो यांच्यावर पेटणार नाही.

निकॉनकडे डी३५०० अन् डी५६००. डी३५०० आता बंद झाली, सेकंडहँडच मिळेल, पण बॅटरी-कार्ड धरून ४१५ ग्रॅम अन् एका चार्जिंगवर कंपनीच्या आकड्याप्रमाणे १५५० फोटो, रामटेकला सकाळी निघून रात्री परत या, चार्जरची आठवण नाही येत. स्क्रीन फिक्स, वायफाय नाही, फक्त ब्लूटूथ, त्यावर फोटो मोबाइलमधे यायला वेळ लागतो. डी५६०० ला फिरती टच स्क्रीन अन् ३९ फोकस पॉइंट, व्ह्यूफाइंडरमधून पाहून काढणाऱ्यासाठी या सगळ्यात ती मला सरस वाटते. पण स्क्रीनवरचा फोकस हळूच. अन् निकॉनची मोठी गोष्ट, या दोन्ही बॉडीत फोकसची मोटर नाही, ती लेन्समधे असावी लागते. म्हणून लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं पाहूनच घ्यायची. नुसतं एएफ किंवा एएफ-डी लिहिलेली जुनी स्वस्त लेन्स घेतली तर हातानेच फोकस करत बसाल. अन् उलटंही आहे, डी३२०० किंवा डी५१०० सारख्या जुन्या बॉडीवर एएफ-पी लेन्स फोकसच करत नाही.

बॉडीचं एवढं पुरे. खरा फरक लेन्सने पडतो.

बॉडीसोबत येणारी १८-५५, म्हणजे किट लेन्स, वाईट नाही, बाप्पा, लोक उगाच नावं ठेवतात. हे आकडे मिलिमीटरचे, आकडा जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसते. दिवसा उजेडात ती सगळं करते. अडचण संध्याकाळी येते. ५५ वर झूम केली की ती एफ ५.६ वर जाते, एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त, अन् एफ १.८ ची लेन्स तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते. फुटाळ्यावर सूर्य बुडाल्यावर ५.६ वर शटर १/१५ सेकंदाला येऊन बसला असेल तर तेच १.८ वर १/१५० च्या आसपास होते. लेन्समधलं आयएस किंवा व्हीआर तुमच्या हाताची थरथर सांभाळते, समोरचा माणूस हलला तर त्याचं ते काही करू शकत नाही. १/१५ वर मागचे दिवे कोरीव येतात अन् मैत्रिणीचा चेहरा पुसलेला, हे याच्यामुळेच.

मग दुसरा मोह म्हणजे १८-१३५ किंवा निकॉनची १८-१४०. एकच लेन्स, बदलायची झंझट नाही, लग्नात अन् फिरायला सोयीची. पण वजन पाहा, १८-१३५ एसटीएम ४८० ग्रॅम, म्हणजे २००डी च्या पूर्ण बॉडीपेक्षा जास्त, गळ्यात तोंड खाली घालून लोंबते. अन् अंधारात तिचीही तीच अवस्था. ज्याला लग्नाचे अन् प्रवासाचेच फोटो काढायचे त्याने जरूर घ्यावी, माझ्या बहिणीला मी नाही म्हटलं. पेंचच्या वाघासाठी तर १३५ पण कमीच पडते, तिथे नंतर कधीतरी ५५-२५० घ्यायची, कॅननच्या या बॉड्यांचा सेन्सर जुन्या फिल्मपेक्षा लहान, म्हणून तिथे ती फिल्म कॅमेऱ्यावरच्या ४०० सारखी दिसते.

राहिल्या फिक्स लेन्स, म्हणजे झूम नसलेल्या, अन् इथेच माझा जीव आहे. सगळे डोळे मिटून ५० एफ १.८ घ्यायला सांगतात. मीही पहिली तीच घेतली होती. मारबतीच्या दिवशी इतवारीच्या गल्लीत घेऊन गेलो, पिवळी मारबत समोरून येऊन राहिली, मागे ढोलताशा, अन् मी फ्रेममधे पूर्ण मूर्ती बसवायला एक एक पाऊल मागे सरकून राहिलो. पाठ एका दुकानाच्या शटरला टेकली, तरी फ्रेममधे फक्त नाक, डोळे अन् नथ. कॅननच्या या सेन्सरवर ५० ची ८० होते ना. बाहेर मोकळ्यावर पोर्ट्रेटला ती एक नंबर, गल्लीत अन् घरात नाही.

म्हणून कॅननवाल्याला माझं सांगणं २४ एफ २.८ एसटीएम. १२५ ग्रॅम, चपटी, बिस्किटाच्या पुड्याएवढी पण नाही. ती ३८ सारखी दिसते, गल्लीत बसते, अन् १६ सेंटीमीटरवरून फोकस करते. तर्री पोह्याच्या प्लेटजवळ नेऊन पाहा, वरचे हरभरे अन् तेलाचा लाल तवंग सगळ्या फ्रेमभर येतो. निकॉनवाल्याने डीएक्स ३५ एफ १.८ घ्यावी, ती ५२ सारखी दिसते, गल्लीत थोडी टाइट पण २४ पेक्षा जवळजवळ अडीचपट उजेड घेते, संध्याकाळची राणी आहे. तशी ३५ ची स्वतःची लेन्स या भावात कॅननकडे नाही. म्हणजे अंधार अन् माणसं जास्त असतील तर डी५६०० अन् ३५, गर्दी, गल्ली अन् लेकरं जास्त असतील तर २००डी अन् २४. किट लेन्स दोघांकडेही राहू द्या.

सेकंडहँड घेताना घाई करू नका. मी एकदा चमचमीत लेन्स घेतली, घरी येऊन मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, बुरशी. विकणाऱ्याने परत घेतली नाही. तेव्हापासून टॉर्च मारल्याशिवाय पैसे काढत नाही. निकॉनने काढलेल्या फोटोची मूळ फाइल घेतली तर किती शटर पडले, म्हणजे आजवर किती फोटो काढले, ते आत लिहिलेलं सापडते, कॅननच्या या बॉड्यांमधे फाइलमधे ते नसते, त्यामुळे बटणांची झीज, रबर, अन् सगळ्या फोकस पॉइंटवर एकेक फोटो काढून पाहायचा. बजेटमधले दोन-तीन हजार जास्तीची बॅटरी, कार्ड, अन् सिलिका जेल टाकलेला घट्ट झाकणाचा डबा यांच्यासाठी बाजूला ठेवा. उन्हाळ्यात ४५ डिग्री अन् पावसाळ्यात भिंती ओल्या, अशा गावात कॅमेरा कापडी बॅगेत कपाटात कोंबून ठेवला की बुरशी धरतेच.

बहिणीने शेवटी सेकंडहँड २००डी घेतली, किट लेन्स सोबत आली अन् २४ वेगळी. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी खाली बसली, स्क्रीन वळवून कॅमेरा जमिनीला टेकवला, लाकडी बैलाची दोरी धरलेल्या पोराच्या चेहऱ्यावर बोटाने टच केलं. पोरगं बैलाकडेच पाहून राहिलं होतं. बैलाच्या शिंगाला लावलेला झेंडूही दिसतो त्यात, अन् पोराच्या गालावरचा गुलाल पण.